नाव काय, बाळ?

"नाव काय गं बाळ तुझं?"

हे न विचारणारं माणूस मला कोल्हापुरात अजून भेटायचंय. रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, दवाखान्यात शेजारी बसलेली बाई विचारते. नाव सांगून झालं की लगेच पुढचं, कुणाची तू? गाव कंचं? प्रेमानं विचारतात, पण मोठ्यानं विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडं बघत बसतात. माझी पोरगी अशा वेळी माझ्या ओढणीचं टोक मुठीत घ्यायची आणि खाली बघायची. मग उत्तर मी द्यायचे. नाव, आडनाव, इयत्ता, गडमुडशिंगी, सगळं मीच. समोरचं माणूस खूश होऊन "लाजरी हाय व्हय!" म्हणायचं आणि आम्ही सुटायचो.

लाजरी! हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लाजरं पोर कसं असतं ते मला ठाऊक आहे. ते आईच्या मागं लपतं आणि थोड्या वेळानं डोकावून हसतं. माझी हसत नव्हती. तिचे तळहात गार पडायचे, मान ताठ व्हायची, दातखीळ बसल्यागत जबडा आवळायचा. चौथीत असताना बाईंना "लघवीला जाऊ का" एवढं विचारता येईना, म्हणून ती दुपारपर्यंत तशीच बसून राहिली आणि शेवटी बाकावरच झाली. त्यानंतर रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. मग उलट्या. पाचवीच्या दिवाळीनंतर तिनं शाळेची पायरी चढली नाही.

आणि हीच पोरगी घरात! घरात तिचं तोंड बंद करायला वरून माणसं आणावी लागतात. मी कोल्हापुरात एका साड्यांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या आणि बोलायचं. "ताई, अंगावर टाकून तर बघा की, घ्या म्हणत न्हाय मी!" तेच सगळं ती घरी आत्तीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लुगड्यांवर करून दाखवायची. हुबेहूब माझा आवाज, माझे हातवारे. गोठ्यातल्या रेडकाला तर अशी झापायची की शेजारीण भिंतीपलीकडून हसायची. पण तीच शेजारीण वाटी घेऊन दारात आली की संपलं. आवाज जागच्या जागी बंद.

देवधर्म झाला, अंगारे झाले, दृष्ट काढून झाली. नवरा फौंड्रीत कामाला, पाळीवरून येऊन पाय पसरून म्हणायचा, "मोठी झाली की बोलंल, तू कशाला जिवाला लावून घेतीस?" मोठी होतच होती की. बोलत नव्हती. शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला एका मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणाल्या, हा हट्ट नाही आणि लाजरेपणाही नाही, ही भीती आहे, आणि ती इतकी वाढली की आजारच असतो, उपचार केले की कमी होतो. त्यांच्याकडं दर शनिवारी दुपारी अशाच मुलांचा गट भरायचा. मुलं एकमेकांना बघून शिकतात, म्हणाल्या.

शाळेच्या हेडबाई तशा चांगल्या. मी रडत गेले होते त्यांच्याकडं, तर त्यांनी पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "पाचवीचं आम्ही सांभाळून घेतो. पण जूनमध्ये ती आली की नव्या वर्गशिक्षिकेला आपलं नाव तिनं स्वतः सांगू दे. एवढं एकच. ते जमलं तर ती वर्गात टिकेल असं मी समजेन. नाही जमलं तर उगाच पोरीचे हाल नकोत, अजून एक वर्ष घरी राहू दे."

एक वर्ष अजून घरी! मला काय तेवढ्यावरनं कळलं नाही होय, की एकदा दोन वर्षं घरी बसलेली पोरगी परत शाळेत जात नसते म्हणून? आमच्या गल्लीत अशी एक आहे. आता तिचं लग्न ठरवायला लागलेत. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. जूनपर्यंत हिनं आपलं नाव आपल्या तोंडानं एका परक्या माणसाला सांगायचं.

गट भरायचा तो राजारामपुरीतल्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर. मुलं आत, दार बंद. आई-बाप बाहेर गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. शनिवार म्हणजे साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईकांचा दिवस, त्यात लग्नसराई, त्यामुळं मालक तोंड वाकडं करून अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायचा. सकाळी दुकान, मग स्कूटरवरून गाव, पोरीच्या घशाखाली दोन घास घालून तिला मागं बसवून परत कोल्हापूर. उजळाईवाडीच्या चढाला ती पाठीला इतकी घट्ट चिकटायची की तिच्या छातीतली धडधड मला कळायची. वर चढून खुर्चीत टेकलं की माझा डोळाच लागायचा. लोकांना वाटत असेल, काय बाई आहे, लेकरू आत घाबरतंय आणि ही घोरतीय.

आत काय चालतं ते मॅडम आम्हाला मधूनमधून सांगायच्या. सुरुवातीला एक चेंडू गोल फिरायचा. ज्याच्या हातात चेंडू, त्यानं आपलं नाव सांगायचं. माझी पोरगी चेंडू घ्यायची, थोडा वेळ धरायची आणि गुपचूप पुढं द्यायची. कुणी काही म्हणायचं नाही. मग पोटात फुगा आहे असं समजून श्वास घ्यायचा. मग प्रत्येकाची भीतीची शिडी. प्रत्येकानं आपली आपण काढायची, खालच्या पायरीवर सोपी भीती, वर अवघड. जमली ती पायरी रंगवायची. माझ्या पोरीच्या शिडीवर सगळ्यात खाली होतं, मावशीचा फोन उचलणे. मध्ये कुठंतरी होतं, दुकानात जाऊन काहीतरी मागणे. आणि सगळ्यात वर, हिरव्या खडूनं, नव्या बाईंना नाव सांगणे. ते तिनं स्वतःच लिहिलं होतं. मी तिला हेडबाईंचं काही सांगितलं नव्हतं. रात्री दार लावून नवऱ्याशी बोलले होते तेवढंच, तरी पोरीचे कान उघडेच होते म्हणायचे.

आणि आम्हाला आई-बापांना एक नियम. मुलाला कुणी काही विचारलं, तर उत्तर आपण द्यायचं नाही. "तुम्ही उत्तर दिलंत की तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पण त्यातनं ती एवढंच शिकते, की मला जमणार नव्हतं, बरं झालं आई होती. पुढच्या वेळी भीती अजून मोठी होऊन येते." ऐकायला किती सोपं! एखादी म्हातारी माझ्या पोरीपुढं वाकून "नाव सांग की गं" म्हणते, पोरीचं तोंड पांढरंफटक पडतं, आणि मी आई तिथं मुकी उभी. म्हातारी मग माझ्याकडं बघते. सगळे शेवटी आईकडंच बघतात. मी ओठ आत ओढून धरायचे. पुष्कळदा उत्तर तरीही निसटायचं. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या बाईला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, ते मॅडमना कुठून कळणार?

गॅलरीत माझ्या शेजारी गडहिंग्लजचे एक गुळाचे व्यापारी बसायचे. तिकडच्या पद्धतीनं मला ताई न म्हणता अक्का म्हणायचे. त्यांचा पोरगा कुत्र्याला इतका भ्यायचा की एसटीतून उतरायला तयार व्हायचा नाही, स्टँडवर कुत्री असतात म्हणून. माणूस मोठा दिलदार, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. दर वेळी येताना काहीतरी खायला आणायचे आणि कुणी नको म्हटलं की त्यांना राग यायचा. "अक्का, खावा हो! काळजीनं काय पोट भरतंय?" त्यांचे हे शब्द ऐकून मला बरं वाटायचं, खरंच सांगते.

तर मार्च सरता सरता मॅडमनी सांगितलं की पुढच्या शनिवारी मुलं एकेक करून खाली जातील. समोर एक बेकरी होती. तिथं एकट्यानं जायचं, आपल्याला हवी ती वस्तू मागायची, घेऊन वर यायचं. तीच बेकरी का, तर तो बेकरीवाला काका येणाऱ्या प्रत्येक पोराला "कुणाचा रं तू? नाव काय?" असं विचारल्याशिवाय काही देतच नाही, हे मॅडमनी बघून ठेवलं होतं. म्हणजे मागायचंही झालं आणि नाव सांगायचंही झालं. मॅडमनी आम्हाला हात जोडले. "एक विनंती आहे. त्या काकांना आधी काहीही सांगून ठेवू नका. कुणीही नाही. त्यांनी रोजच्यासारखंच वागायला हवं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. व्यापारी तर म्हणाले, "छ्या छ्या, आमी कशाला सांगतोय!"

तो आठवडा पोरगी घरात पुटपुटत फिरायची. "काका, नानकटाई द्या. काका, नानकटाई द्या." रेडकाला म्हणून दाखवायची, भिंतीला म्हणून दाखवायची. नाव मात्र पुटपुटत नव्हती. ते बहुतेक मनात म्हणत असावी.

शनिवार आला. आम्ही सगळे गॅलरीच्या कठड्याशी गर्दी करून उभे. पहिला पोरगा गेला, भरभर आला, हातात पुडा. दुसरी गेली, आली, पुडा. व्यापाऱ्यांचा पोरगा गेला आणि चक्क हसत आला. मला वाटलं, अगं बाई, एवढं सोपं असतं होय हे! मग माझी. जिना उतरताना तिचा हात कठड्यावरून सुटत नव्हता. गल्ली ओलांडली. फळीपुढं उभी राहिली. आणि ती उभी राहतीय न राहतीय तोच काकांनी दोन्ही हात पसरून तिला तिच्या नावानं हाक मारली. मोठ्यानं, कौतुकानं. वर आम्हाला ऐकू आली. "ये गं ये, भ्यायचं न्हाय हं!" खारीचा पुडा बांधून तयारच होता. तो त्यांनी तिच्या हातात ठेवला, पैसे परत तिच्या खिशात कोंबले आणि डोक्यावरून हात फिरवला.

पोरगी वर आली. तिचं तोंड मी बघितलं. भीती नव्हती त्या तोंडावर. कुणी फसवल्यावर माणसाचं होतं, तसं झालं होतं ते.

मी तशीच तरातरा खाली गेले. मॅडम मागनं "थांबा, थांबा" म्हणत होत्या. थांबतंय कोण! "काका," मी म्हटलं, "माझ्या पोरीचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका गोंधळले. चांगले साठीचे, अंगावर मैदा. "वैनी, सगळ्यांनीच सांगितलं की! पयलं त्ये गडहिंग्लजचं शेट आलं. म्हणालं, पोरगं कुत्र्याला भितंय, तर कुत्रं मागच्या बाजूला बांधा. बांधलं. मग पन्हाळ्याच्या एका पोराची आई आली. मग आणि कोण कोण आलं. आणि तुमच्या सासूबाई परवा सकाळच्या पयल्या गाडीनं आल्या, दूध घेऊन आलत्या. म्हणाल्या, लेकराला काय इचारू नका, नुसतं द्या. म्या सगळ्या पोरांची नावं पाठ केली बगा, कुणाला इचारायची येळ येऊ ने म्हणून." आणि मग जरा घाबरूनच म्हणाले, "काय चुकलं का?"

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? ज्या माणसाचा जन्म नावं विचारण्यात गेला, त्यानं आमच्या पोरांसाठी पहिल्यांदा तोंड आवरलं होतं. मी वर बघितलं. कठड्याशी सगळे आई-बाप माना खाली घालून उभे. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्यानंच सांगितलंय. व्यापाऱ्यांनी तर तोंड पलीकडं फिरवलं होतं. मॅडम कपाळाला हात लावून भिंतीला टेकल्या होत्या. कोल्हापुरात असला उपचार कसा चालायचा? इथं कुणाला एकटं सोडतच नाहीत. मेलं तरी सोडत नाहीत.

घरी आल्यावर मी आत्तीवर तोंड सोडलं. आत्ती धार काढत होत्या. ऐकून घेतलं, मग चरवी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मग काय वंगाळ केलं म्या? लेकरू घाबरंल म्हणून सांगाय गेलतो. तूच तेवढी तिची, मी कोण न्हाय व्हय?" आणि डोळ्याला पदर लावला. सांधे दुखतात त्यांचे, जिना चढवत नाही, आणि ही बाई पहाटे उठून दुधाची बाटली घेऊन राजारामपुरी शोधत गेली होती. माझं भांडण तिथंच संपलं. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो नव्हता माझ्यात. मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले आणि मला वाटलं, हे काही जूनपर्यंत होत नाही. हे कधीच होत नाही. आणि त्या रात्री मला माझ्या पोरीचा रागसुद्धा आला. एक नाव, गं! दोन अक्षरं काय नि तीन अक्षरं काय, सांगून टाक की एकदा!

खारीचा पुडा तिनं फोडला नाही. फ्रिजवर ठेवून दिला. खारी तिला आवडते, चहात बुडवून चार-चार खाते. मी म्हटलं, "खा की, आता आणलीयस तर."

"मी मागितली न्हाय."

"मग टाकून देऊ?"

"नको."

पुडा तिथंच राहिला. येता-जाता तिचं लक्ष त्याच्याकडं असायचं. "काका, नानकटाई द्या"ची पुटपुट बंद झाली होती. सकाळी पोट मात्र दुखत होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही गल्लीत पोचलो. मी स्कूटर स्टँडवर लावेपर्यंत ती मागून उतरली होती. मला वाटलं जिन्याकडं गेली. वळून बघते तर पोरगी बेकरीपुढं. पाठीवरच्या पिशवीतून तिनं तो पुडा काढला आणि फळीवर ठेवला. माझ्या डोक्यावर हेल्मेट तसंच. मी हललेही नाही.

"ही परत घ्या," पोरगी म्हणाली.

आवाज बारीक होता. पण आवाज होता! घराबाहेर, परक्या माणसापुढं, तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"का गं?" काका म्हणाले.

"मी मागितली नव्हती."

काकांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. झालंच, सगळे शेवटी आईकडंच बघतात. मी झटकन मान वळवली आणि स्कूटरच्या आरशातली धूळ पुसायला लागले. आरशात तिची पाठ दिसत होती. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी, जसा घरात रेडकाला रागवताना ठेवते तसा.

"मग काय पायजे?"

काही नाही. बराच वेळ काही नाही. मागं एक गाडीवाला पाव घ्यायला येऊन थांबला होता, तो ओरडला, "ओ, पाव द्या की हिकडं!" काकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "थांबा ओ पावणं. ही आधी आलीया."

"नानकटाई," पोरगी म्हणाली.

काकांनी तोलली, बांधली, तिच्याकडून पैसे घेतले आणि सुट्टे परत दिले, मोठ्या माणसाला देतात तसे. आणि मग फळीवर कोपरं टेकवून, जणू उभ्या आयुष्यात हिला कधी बघितलंच नाही अशा आवाजात विचारलं, "नाव काय गं तुझं? कुणाची तू?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांना माहीत आहे, हे तिला माहीत होतं. मी हेल्मेटच्या आत देवाचं नाव घेत होते. पोरीनं पुडा उचलला, वळली आणि जिन्याकडं निघून गेली. नाव काही सांगितलं नाही.

काका मला म्हणाले, "सांगंल की हो. आज न्हाय तर उद्या सांगंल." मी मान हलवली. मला रडायचं होतं की हसायचं होतं, कळेना, आणि दोन्हीसाठी मी फार दमलेली होते.

वर गॅलरीत व्यापाऱ्यांनी सगळं बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपल्या पोराला हाताला धरून खाली नेलं आणि मधेच हात सोडला. काकांनी कुत्रं बांधलेलं नव्हतं. पोरगा अर्ध्यातनं परत फिरला, दुसऱ्यांदा गेला, पुन्हा फिरला. बापाच्या कपाळावर घाम, पण तोंडातून शब्द नाही. एवढा गडगडाटी माणूस, गप्प.

त्यानंतर सगळं भराभर झालं असं वाटत असेल, तर नाही झालं. नानकटाई दर शनिवारी यायला लागली. मावशीचा फोन उचलून झाला. शेजारणीला एकदा "आई न्हाय घरात" म्हणून झालं, तर शेजारीण आनंदानं ओरडली आणि ही पुन्हा महिनाभर तिच्यापुढं मुकी झाली. चेंडू हातात यायचा आणि नावाशिवाय पुढं जायचा. काका दर शनिवारी विचारायचे, नाव काय? ही दर शनिवारी पुडा घेऊन वळायची. मेच्या सुट्टीत मुलं आपापल्या गावी पांगली आणि गट संपला. शेवटच्या दिवशी मॅडमनी शिडीचा कागद तिच्या हातात दिला. वरची पायरी रंगवायची राहिली होती. मी विचारलं, "मॅडम, आता?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मध्ये येऊ नका. एवढंच तुमच्या हातात आहे." एवढंच!

जूनच्या त्या सकाळी तिला दोनदा उलटी झाली. आत्तींनी दारात भाकरतुकडा ओवाळायला घेतला होता, माझ्याकडं बघितलं आणि तो नुसता हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी शाळेत कुणाला काय सांगितलेलं न्हाय हं." मी त्यांच्या पाया पडले.

शाळेच्या व्हरांड्यात गर्दी. सहावीच्या वर्गाच्या दारात नवी शिक्षिका उभी होती, पोरगीच म्हणायची, नुकतीच लागलेली. हेडबाई लांबून बघत होत्या. माझ्या पोरीनं ओढणीचं टोक धरलेलं होतं. दारापाशी आल्यावर ते सोडलं.

"नाव काय, बाळ?" शिक्षिकेनं विचारलं.

मी बघत होते. तिचे कान लाल झाले. मान ताठ झाली. पोटात फुगा आल्यासारखी एकदा फुगली, एकदा बसली. मागून पोरं ढकलत होती. कुठंतरी घंटा वाजली. शिक्षिका तिच्याकडं बघून झाल्यावर हळूहळू नजर वर करून माझ्याकडं बघायला लागली, आणि माझं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. नाव जिभेवर आलं होतं.

पोरीनं मागं न बघता हात मागं केला. पंजा उघडून, माझ्यासमोर. थांब.

मी तोंड मिटलं.

मग ती बोलली. शिक्षिका वाकली, "काय? ऐकू नाही आलं." मला वाटलं, गेलं सगळं, आता ही वळणार. पण पोरीनं एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला आणि पुन्हा सांगितलं. या खेपेला मोठ्यानं, जरा वैतागून, दुकानात मी बहिऱ्या गिऱ्हाइकाला भाव सांगते त्याच आवाजात. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव. व्हरांड्यातल्या चार पोरांनी मागं वळून बघितलं. ती आत गेली आणि मी भिंतीला धरून उभी राहिले.

तिचं नाव मी इथं मुद्दाम कुठंच लिहिलेलं नाही. जन्मापासून ते मीच सांगत आले होते, आता सांगणार नाही. तुम्हाला हवं असेल तर तिला विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबा. आणि तोवर माझ्याकडं बघू नका.